मुठीतला सोंडवाला

ताईच्या बेकरीची तपासणी चालू होती, आणि नेमका तेव्हाच तिच्या धाकट्या भावाला मैद्याच्या पोत्यावर तो दिसला.

भावाला ती किडूक म्हणायची. किडूक संग्रहालयात कीटकांकडे, पतंगांच्या विभागात कामाला होता. सोंडवाल्या पतंगाची एक नवी जात आपण शोधली, असं त्याचं म्हणणं. पण नमुना एकच, तोही झिजलेला. "पिठातला साधा पतंग आहे हा," असं म्हणून साहेबांनी नाक मुरडलं होतं. "दुसरा आणून दाखव." दुसऱ्यासाठी किडूकने रानोमाळ चपला झिजवल्या, आणि हा पठ्ठ्या इथे तोंडापुढे सोंड काढून आरामात बसलेला!

तपासनीसबाई पोत्याकडेच येत होत्या. पतंग दिसला की बेकरीला टाळं. ताईने डोळ्यांनीच खुणावलं, मार त्याला. किडूकने तो अलगद मुठीत धरला.

"मुठीत काय आहे?" बाईंनी विचारलं.

"भट्टीला लागून हात भाजलाय," ताई म्हणाली. "लहानपणापासून अकलेच्या नावानं बोंब."

"मग पाण्याखाली धरा की!" बाईंनी स्वतः नळ सोडला.

किडूकने मूठ पाठीमागे नेली. "मला पाणी सोसत नाही," तो म्हणाला.

बाईंनी ताईकडे कीव करून पाहिलं. "धन्य आहे तुमची," म्हणत सही केली आणि गेल्या.

"दाखव आता," ताई म्हणाली.

किडूकने मूठ उघडली. पतंग उडाला तो थेट ताईच्या नाकासमोर, आणि ताईने हयातभराच्या सवयीने फाडकन टाळी वाजवली.

"हात आपोआप उठले रे," ती रडवेली झाली.

ताईच्या तळव्याला चिकटलेल्या ओल्या कणकेत पंखांचा भुगा झाला होता. किडूकला हुंदका आवरेना. तरी त्याने भिंग लावलं, आणि ओरडलाच, "ताई! आकडे बाहेर आलेत!"

"कसले आकडे?"

"पोटाच्या टोकाचे, हुकासारखे. जात त्यावरूनच ओळखतात. आम्ही पोट दाबून ते बाहेर काढतो. साध्या पतंगाला एक, याला दोन! तू अगदी बरोबर दाबलंस!"

"मग हात धुऊ?"

"खबरदार! आधी साहेबांना दाखवायचा."

कधी एक दिवस बेकरी बंद न ठेवणाऱ्या ताईने किडूकला दाराला कुलूप लावायला सांगितलं, आणि तळवा पसरून भर रस्त्यातून ती त्याच्या पुढे चालू लागली.