कासेचं मलम

किळस येण्याच्या बाबतीत वुबो नोर्डाचा हात धरेल असा माणूस त्या मॉडेलबोट क्लबात नव्हता. तळ्याकाठच्या बदकांच्या विष्ठेची त्याला किळस यायची, सेक्रेटरी हारमच्या थर्मासमधल्या कॉफीची यायची, आणि सर्वांत जास्त यायची ती पाण्यावरच्या तेलकट तवंगाची. तवंग मात्र सगळ्या क्लबालाच परवडण्यासारखा नव्हता. मार्चमध्ये नगरपालिकेचं पत्र आलं होतं: पुन्हा एकदा तवंग दिसला तर तळं बंद. आसपास तीस किलोमीटरमध्ये दुसरं तळं नव्हतं. बायको गेल्यापासून वुबोच्या आठवड्यात तळ्यावरचा शनिवार सोडून दुसरा वारही नव्हता.

म्हणून वुबोने बरणीचा नियम काढला. प्रत्येकाने आपला पॉड, म्हणजे बोटीच्या पोटाखाली लटकणारी, पंखा आणि मोटर स्वतःतच असलेली फिरती नळी, बोटीवरून उतरवायचा आणि काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाण्यात तासभर ठेवायचा. मग पाण्यावर सिगारेटचा पातळ कागद टाकायचा. कागदावर तेलकट डाग उमटला की बोट घरी. परीक्षक अर्थात वुबो.

जूनमधल्या स्पर्धेच्या दिवशी दोन वाजता पालिकेच्या वीर्समाबाई स्वतः पाहणीला यायच्या होत्या. साडेदहाला टेबलावर सात बरण्या मांडल्या होत्या. वुबो चष्मा कपाळावर चढवून एकेकीत वाकून बघत होता, लोकांच्या लघवीचे नमुने तपासायला बसवल्यासारखा.

सातवी बरणी हिस्काची. हिस्का क्लबात नवी, पेशाने कवळ्या बनवणारी. तिच्या पॉडला आरपार भोकं होती.

"हे फुटलंय," वुबो म्हणाला.

"फुटलं नाही, तसंच केलंय. पाणी आत जातं, बाहेर येतं. मोटरच्या तारांवर वार्निशचे चार थर आहेत, बेअरिंग प्लॅस्टिकचं. ग्रीस नाहीच, तर गळणार काय?"

वुबोने कागद टाकला. कागद कोरा निघाला, पण त्याच्या चेहऱ्यावर डाग उमटला. चाळीस वर्षं त्याने गाळ उपसणाऱ्या जहाजांवर वायरमनकी केली होती. पाण्याला तारेपासून लांब ठेवणं हाच त्याचा धर्म.

"दुसऱ्याची कवळी आपल्या तोंडात घालण्यासारखं आहे हे."

"सवय होते," हिस्का म्हणाली.

"नियमात लिहिलंय, पॉड बंद हवा."

"नियम कुणी लिहिला?"

"मी. तुम्ही स्पर्धेबाहेर चालवा, पलीकडच्या कोपऱ्यात. बदकांत."

वुबोने यादीत तिच्या नावापुढे 'बाद' लिहून सही केली. हिस्का कोपऱ्यात गेली. हारम कुजबुजला, "जरा जास्तच झालं, वुबो."

"तुझ्या कॉफीपेक्षा कमीच."

वुबोची स्वतःची बरणी अर्थातच स्वच्छ होती. बावीस वर्षं त्याच्या बोटींच्या पंख्यांच्या दांड्यांभोवती एकच वंगण असायचं: गायींच्या कासेला लावायचं पिवळं मलम. गोठ्यातल्या माणसांकडून घेतलेलं, डबा मोठा, वास सौम्य. यंदाच्या हिवाळ्यात त्याने पहिल्यांदाच पॉड बांधले. पितळी नळी स्वतः कातली, मोटर आत बसवली, आणि इंजेक्शनच्या सिरिंजने नळी त्या मलमाने गच्च भरली. पाण्याला शिरायला सुईच्या टोकाएवढी जागा ठेवली नाही.

पावणेदोनला त्याची टग, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या बोटीची छोटी प्रतिकृती, पाण्यात उतरली. एक जड तराफा ढकलत गोदीच्या फळ्यांमध्ये नेऊन लावायचा, हे काम. टगने नाक टेकवलं आणि जोर लावला. तराफा अडला. वुबोने आणखी जोर दिला. पाच मिनिटं दोन्ही पॉड घुमत राहिले, आणि मग टगच्या मागे पाण्यावर एक सुंदर, इंद्रधनुषी, किळसवाणी पट्टी पसरत गेली.

ती पट्टी पाहताना वुबोला जे कळलं, ते त्याला बावीस वर्षं कळायची गरजच पडली नव्हती. ते मलम हाताच्या उबेने वितळावं म्हणूनच बनवलेलं. पूर्वी मोटर बोटीच्या पोटात वर असायची, खाली थंड दांडा. आता मोटर खालीच, मलमातच शिजत होती. आणि बरणीत तर त्याने कुणाचीच मोटर चालवून पाहिली नव्हती.

तवंग वाऱ्याने सरकत कोपऱ्याकडे, हिस्काच्या बोटीभोवती जमला. नेमक्या त्याच वेळी वीर्समाबाई सायकल लावून काठावर आल्या.

"हे काय आहे?"

हारम लगेच पुढे झाला. "बाई, ती तिकडची, उघड्या पॉडवाली. आम्ही तिला सकाळीच स्पर्धेतून काढलं होतं. कागदोपत्री आहे."

खरंच कागदोपत्री होतं, वुबोच्या सहीनिशी. बाकीचे आपापल्या बोटी न्याहाळू लागले. हिस्काने फक्त वुबोकडे पाहिलं. वुबोने हारमकडे पाहिलं आणि त्याला पहिल्यांदा अशी किळस आली, की तिच्यापुढे बदकं आणि कॉफी म्हणजे काहीच नाही. वाईट हे, की ती हारमपाशी थांबेना; परत वळून त्याच्या स्वतःकडेच आली.

"तिचं नाही," तो म्हणाला. "तिच्या पॉडात ग्रीसच नाही. हे माझं. गायीच्या कासेचं मलम."

वीर्समाबाईंनी वाकून पाण्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं. "आमच्या गोठ्यात हाच डबा होता. हे बोटीला लावलंत?"

"बावीस वर्षं."

"आणि इथला परीक्षक कोण?"

"तोही मीच."

बाईंनी पाहणीची वही काढली आणि न उघडताच पिशवीत परत टाकली. मग म्हणाल्या, "हा तवंग आत्ता कागदाने टिपून काढा. आणि आजपासून या तळ्यात ग्रीस भरलेली एकही बोट उतरणार नाही. चालेल?"

"नाही म्हटलं तर?"

"तर तळं बंद."

गुडघाभर पाण्यात, बदकांच्या चिखलात उभा राहून वुबो किचनपेपरने तवंग टिपत होता. हिस्का काठावरून रोल सोडत होती.

"शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे या. वार्निश लावायला दोन तास लागतात," ती म्हणाली.

"आत पाणी जाणारच का?"

"जाणारच."

वुबोने बुटात शिरलेल्या पाण्याकडे पाहिलं. "कॉफी मी घरून आणीन," तो म्हणाला.