समुद्रावरचं चित्र आणि कालिंदीबाई

मित्रांनो, मी अमेरिकेत छापलेलं एक जुनं चित्र आहे, आणि कालिंदीबाईंना मी डोळ्यांसमोर नको आहे. मलाही त्या नकोत!

ऐंशी वर्षांपूर्वी एका कारागिराने लाकडी ठोकळ्यावर समुद्रकिनारा कोरला. लाटा, छत्र्या, पाण्यात खिदळणाऱ्या बायका. त्यावरून मी एका साप्ताहिकात छापला गेलो आणि कोणा खलाशाच्या पेटीतून कलकत्त्याला आलो. पुढे कालिंदीबाईंच्या सुनेच्या, श्यामलेच्या, वडिलांनी मला जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललं. ते इथल्याच शाळेत मास्तर. पुरीला नेतो म्हणून लेकीला दरवर्षी कबूल करायचे, पण नेणं काही झालं नाही. "तोवर हा समुद्र घे," म्हणाले. ते वारले आणि त्यांची आठवण म्हणून तिच्यापाशी मीच उरलो.

गेल्या वर्षी, १९५१ साली, श्यामला कलकत्त्यातल्याच बागबाजारात सासरी आली. तिने मला चार टाचण्यांनी भिंतीवर लावलं. सासूबाई कालिंदीबाई साताऱ्याच्या, मुलाच्या बदलीमुळे नुकत्याच आलेल्या. बघताक्षणी कडाडल्या, "परक्या पुरुषांदेखत पाण्यात उतरल्यात सटव्या! माहेरी हेच शिकवलं का?"

श्यामलेने चौथी टाचणी घट्ट दाबली. अहो बाई, माझ्यातल्या या बायकांच्या अंगावर मानेपासून घोट्यापर्यंत लोकरी कपडे आहेत! पण माझं ऐकतंय कोण? रोज जेवताना टोमणे सुरूच.

एकदा सून बाजारात गेल्याचं पाहून बाईंनी मला उपटलं. माझा कोपरा फाटला. गड्याला, हरिपदाला, मोडक्यातोडक्या बंगालीत फर्मावलं, "छोबी बांधाओ! निये जाओ!" गुंडाळून बांध आणि ने कुठेही, असं त्यांना म्हणायचं होतं. पण बंगालीत चित्र बांधणं म्हणजे काच घालून चौकट करणं. चार दिवसांनी हरिपद मला सागवानी चौकटीत घेऊन ऐटीत परतला.

"मेल्या, फेकायला दिलं होतं ते!" बाई ओरडल्या. "आत्ताच्या आत्ता गंगेत टाक!"

चार दिवस घरभर मला शोधणाऱ्या श्यामलेला तेव्हा सगळं कळलं. तिने मला त्याच्या हातून ओढूनच घेतलं.

"आई, माझ्या बाबांचं आहे हे. इथेच राहील."

"मग मी जाते साताऱ्याला!"

"तुमची मर्जी," श्यामला म्हणाली आणि खिळा ठोकू लागली.

बाई काही गेल्या नाहीत. माझ्याकडे पाठ करून जेवतात. जेवोत बापड्या.

मित्रांनो, जुनी वस्तू फडक्याने पुसली की जपली, असं तुम्हाला वाटतं. नाही हो. कधी तिच्यासाठी घरातल्या मोठ्यांशी वाईटपणा घ्यावा लागतो. तेवढा घ्या.