टाकीचं शटडाऊन

गेम विकत घेण्याआधी प्रेरणानं त्याची पुरती चौकशी केली होती. सगळीकडे एकच शब्द सापडला: कलात्मक. रक्त नाही, शिव्या नाहीत. मोकळं माळरान, वारा, धुक्यात डोंगराएवढाले प्राणी आणि त्यांच्याशी झुंजणारा एकटा घोडेस्वार. चला, निदान पोरीला रंग तरी दिसतील, असं म्हणून तिनं नवऱ्याला परवानगी दिली.

आणि रविवारी दुपारी राजदीपच्या मांडीवर बसून चार वर्षांच्या गीतांजलीनं पहिला महाकाय पाहिला. चार खांबांसारखे पाय, वर भलंमोठं गोल पोट. तो नुसता उभा होता. मग हळूच हलला.

सोमवारी शाळेचा ऑटो तिला घेऊन कॉलनीच्या फाटकाशी आला, तशी गीतांजली चालत्या ऑटोतून खाली उतरायला लागली. फाटकाला लागूनच रिसालीच्या त्या कॉलनीची पाण्याची टाकी होती. चार खांब, वर गोल पोट.

"झोपला हाय तो," ती कुजबुजली. "ऑटोच्या आवाजानं उठन."

त्या दिवशी शाळा बुडाली. मंगळवारी बुडाली. बुधवारी प्रेरणानं मोबाईलवर मुलांच्या भीतीबद्दल इतकं वाचलं, की तिला स्वतःलाच टाकीकडे बघवेना. भीतीचं चित्र काढून घ्या, असं कुठेतरी लिहिलं होतं. गीतांजलीनं काढलं. चित्रातली टाकी तिच्या शाळेचा डबा खात होती. असंच चाललं तर पोरगी कधी शाळेत जाणारच नाही, या विचारानं प्रेरणाचं जेवणावरून मन उडालं.

"मी करतो बरोबर," राजदीप म्हणाला. "तिच्यासमोर मारतो त्याले. खेल खतम."

महाकायाच्या अंगावर चढून त्यानं त्याला मारला. पण गेम पडला कलात्मक. महाकाय एकदम मेला नाही. आधी गुडघ्यावर आला, मग दुःखी संगीत सुरू झालं, मग त्यानं आभाळाकडे पाहिलं, आणि मग अगदी सावकाश आडवा झाला. गीतांजलीनं घर डोक्यावर घेतलं. सासरे आनंदराव चष्मा पुसत म्हणाले, "त्यानं तुह्यं काय बिघडवलं होतं रे? उभा होता बिचारा."

"बाबा, गेम आहे तो."

"असन. पण सेफ्टी बेल्ट न लावता एवढ्या उंचीवर चढला तू. आमच्या टायमाले प्लांटमधी असतं तर गेटच्या बाहेर काढलं असतं तुले."

आता गीतांजलीच्या डोक्यात नवीनच शिरलं. पप्पानं टाकीच्या भावाला मारलं, म्हणजे टाकी चिडली असणार.

आनंदरावांनी पोलादाच्या प्लांटमध्ये जन्म घालवला होता. त्यांनी नातीला जवळ घेतलं. "हे पाह्य बेटा. मशीन कितीबी मोठी असो, दुरुस्तीच्या आधी तिचं शटडाऊन घेतात, म्हंजे पुरती बंद करतात. लाल टॅग लावतात. टॅग लागला का ते हलू शकत नाही. कोणी बटन दाबू शकत नाही. ज्याचा टॅग, त्यानंच काढायचा, दुसऱ्यानं हातबी नाही लावायचा."

"हात्तीबी नाही काढू शकत?"

"जनरल मॅनेजरबी नाही."

मिठाईच्या डब्याचा पुठ्ठा कापून लाल खडूनं रंगवला. 'काम चालू आहे, चालू करू नये' असं आनंदरावांनी वळणदार अक्षरात लिहिलं, नावाच्या जागी 'गीतांजली' लिहिलं आणि सहीच्या जागी तिनं स्वतः एक कोंबडी काढली. संध्याकाळी आजोबांनी तो टॅग टाकीच्या शिडीला, खालच्याच पायरीला, सुतळीनं बांधला. नात लांबून पाहत होती.

गुरुवारी ऑटो टाकीशेजारून गेला. गीतांजलीनं टाकीला बोट दाखवून दटावलंसुद्धा. प्रेरणानं त्या आठवड्यात पहिल्यांदा गरम चहा गरम असताना प्यायला.

अकराच्या सुमाराला नळ कोरडे पडले.

बायका बादल्या घेऊन पंपघराशी जमल्या. पंप चालवणारे शामराव आनंदरावांच्याच प्लांटमधून रिटायर झालेले. ते खुर्ची टाकून शांत बसले होते.

"टॅग लागला हाय," ते म्हणाले.

"शामराव काका, ते लेकराचं खेळणं आहे," प्रेरणा लाजेनं अर्धी होत म्हणाली.

"सही हाय का नाही त्याच्यावर?"

"कोंबडी आहे."

"माह्या सायबाची सही याच्याहून खराब होती. तिलेबी मानलं आमी."

तिनं आशेनं सासऱ्यांकडे पाहिलं. "मामाजी, तुम्ही तरी काढा."

आनंदराव दोन पावलं मागे सरकले. "मी कसा काढू? माह्यं नाव हाय का त्याच्यावर?"

खरं म्हणजे प्रेरणाला तो एका झटक्यात तोडता आला असता. हात पुढे गेलाही होता. पण उद्या सकाळी ऑटो इथूनच जाणार, टॅग दिसणार नाही, आणि मग पोरगी आईवरही भरवसा ठेवणार नाही. तिनं हात मागे घेतला. बायकांनी बादल्या उलट्या करून त्यांच्यावर बैठक मारली.

दुपारी ऑटो आला. गीतांजलीनं गर्दी पाहिली, टाकी पाहिली. आजोबांनी सगळं समजावलं.

"टॅग काढला तर तो उठन," ती म्हणाली.

सगळ्या बादल्या प्रेरणाकडे बघत होत्या. नाही उठत गं, असं म्हणणं सोपं होतं. "मला नाही माहीत," ती म्हणाली. "पण मी तुला धरून उभी राहीन."

"अन् बेल्ट?" आनंदरावांनी विचारलं.

प्रेरणाच्या ओढणीचं एक टोक पोरीच्या कमरेला, दुसरं आईच्या. खालची पायरी आनंदरावांच्या गुडघ्याएवढी होती, पण नियम म्हणजे नियम. गीतांजली एकेक पाऊल टाकत गेली. सुतळीची गाठ तिला सुटेना. मध्येच तिनं टाकीचा खांब एका बोटानं चाचपून पाहिला, आणि मग दातांनी गाठ सोडली.

"क्लिअर," आनंदराव ओरडले.

शामरावांनी बटन दाबलं. पंप घुरघुरला, पाइप थरथरले आणि वर त्या गोल पोटात काहीतरी खोल, ओलं गुरगुरलं. प्रेरणा किंचाळून मागे उडी मारून मोकळी झाली, ओढणीसकट पोरीला ओढत.

गीतांजली मात्र मान वर करून ऐकत होती.

"मम्मी, भिते काहून? पाणी पेऊन राहिला तो. सकाळपासून उपाशी होता ना."

मग ती बादलीवाल्यांकडे वळली. "आता एकदम सगळे नळ नका उघडू. त्याले ठसका लागन."

त्या दुपारी अख्ख्या कॉलनीनं नळ बारीक सोडून पाणी भरलं. शामराव प्रत्येक दारावर जाऊन पाहून आले.