चाचणीची पाळी

मुलाखत सकाळी आठला होती. मेट्रनबाईंनी तिचं नर्सिंगचं सर्टिफिकेट उघडूनही पाहिलं नाही. "कागद काय चाटायचाय? हात बघू दे," म्हणाल्या आणि तिला थेट वॉर्डात धाडलं. तिथे बावीस खाटा होत्या आणि तिच्यासारख्याच मुलाखतीला आलेल्या आणखी दोघी. पगारी म्हणावी अशी नर्स एकच, तीही औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या सांभाळत बसलेली.

वर्षभर चपला झिजवून ही संधी मिळाली होती, म्हणून ती जीव तोडून राबली. सलाइन लावली, जखमा धुतल्या, चादरी बदलल्या. दुपारी आईचा फोन आला, "झाली का गं मुलाखत?"

"चालू आहे अजून," ती म्हणाली. आईला वाटलं, पोरीला फारच खोलात विचारतायत.

पाळी संपता संपता ती कोपऱ्यातल्या आजोबांचा ताप लिहायला गेली. खाटेच्या तक्त्यावर रोजची एक अशा दिवसपाळीच्या एकोणीस नोंदी होत्या आणि एकोणीस हस्ताक्षरं, सगळी वेगवेगळी. एकही दुसऱ्यांदा आलेलं नव्हतं.

"तुझा हात हलका आहे," आजोबा म्हणाले. "कालचीचाही होता. तीपण म्हणाली, उद्या येते."

मेट्रनबाई दारातूनच म्हणाल्या, "छान केलंस काम. कळवू आम्ही."

तरी तिने विसाव्या रकान्यात ताप लिहिला, अगदी सुवाच्य अक्षरात, उद्या मुलाखतीला येणारीला नीट वाचता यावा म्हणून.