अर्ध्या चादरीचा ताव

लोक द्यायला बसले की घरातलं नकोसं आधी बाहेर काढतात. जुन्या सुती चिंध्या कुटून हातकागद करणाऱ्या कागदवालीला हे दारोदार फिरून कळलं. जुने कपडे द्या म्हटलं की हसतमुखाने गाठोडं हातात ठेवायचे. तिने त्यातला धागा ओढून काडी लावली की राख व्हायच्या ऐवजी काळा मणी. प्लॅस्टिक. माणसं प्लॅस्टिक नेसतात आणि वर अंगाला हवा लागत नाही म्हणून रडतात. खरं सुती, वापरून वापरून सायीसारखं झालेलं, ते कुणी सोडत नाही. ते उशाखाली असतं.

मागच्या खेपेला असलेच धागे लगद्यात गेले. कागदावर ते केसांसारखे उभे राहिले आणि पुस्तकं बांधणाऱ्याने सगळा गठ्ठा परत पाठवला. तिचं गिऱ्हाईक तेवढं एकच. पुन्हा असं झालं तर येऊ नका, म्हणाला.

आज हौदात निव्वळ सूत होतं, पण कमी. जाळी बुडवून उचलली की ताव धरायच्या आधीच विरायचा. पाण्यात पांढरे ढग तरंगत होते, सावकाश, एकमेकांची ओळख नसल्यासारखे. बघता बघता तिला वाटलं, आपण आभाळावर ओणवं होऊन खाली बघतोय.

ती घरात आली. सासूबाई दुपारच्या आडव्या झाल्या होत्या. अंगावर त्यांची चादर, उन्हात धरली तर पलीकडचं दिसेल इतकी जुनी. त्या चादरीशिवाय त्यांचा डोळा लागत नसे. सून आवरलेलीच भांडी पुन्हा आवरू लागली.

"जीभ रेटत नाही ना?" सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "गावभर मागत फिरलीस, इथेच बरी लाज आली."

"राहू द्या आई. करेन काहीतरी."

"करशील डोंबल. अर्धी ने. अर्धीत मावते मी आता."

दोघींनी टोकं धरली. चादर एका ओढीत सरळ फाटली, सुस्कारा टाकावा तशी. कुटतानाही चादरीने आढेवेढे घेतले नाहीत. हौदात ढग एकमेकांना बिलगले आणि उतरत्या उन्हात जाळीवर पहिला ताव धरला. दाट, एकसंध, दुधावरच्या सायीगत.

जाळीसकट तो दाखवायला ती धावतच आत गेली. सासूबाई झोपल्या होत्या, गुडघे पोटाशी घेऊन. त्या खरंच मावत होत्या. वर वीतभर चादर उरली होती.