चौदावा थर

"कागद सोललास की फेकायचा नाही. भिंतीला लाव. थर संपले की मोज. जेवढे थर तेवढे कागद. एक जरी कमी भरला तरी सगळं उकल, मग जेवायची वेळ का झालेली असेना."

तिला काम शिकवणाऱ्या थोरल्या बाईंचा हा आवाज तीस वर्षे तिच्या सोबतीला होता. आज वरच्या मजल्यावर साहेबांसमोर बसल्यावर तो पुन्हा कानाशी आला, कारण साहेब नेमके कागदाबद्दलच बोलत होते.

"बाई, आपल्या आतल्या चौकशीत असं निघालंय, की गाडीचा पुढचा पंख आतून सुटला. चौदाव्या थराचा कागद सोलायचा राहिला. वरचा थर खालच्याला चिकटलाच नाही."

"माझ्या हातून?"

"हात माणसाचा आहे. कुणाचाही चुकतो."

तिने आपल्या हातांकडे पाहिले. नखे मुळापर्यंत कापलेली, बोटांची टोके घासून गुळगुळीत झालेली. खिडकीशी तिचा धाकटा भाऊ उभा होता. पंखाची रचना त्याची होती. तो बाहेर गाड्यांच्या तळाकडे पाहत होता, जणू तिथे काही चालले होते.

साहेब पुढे म्हणाले, "उद्या दहाला शर्यतीच्या मंडळाचे परीक्षक येतील. तुम्ही सोललेले कागद घरी जपून ठेवता म्हणे. तो गठ्ठा आणा. त्यांच्यासमोर मोजू. पंखाचे थर एकतीस. तेवढे कागद भरले तर तुम्ही सुटलात, मी स्वतः तुमची माफी मागेन."

तिला एकदम हलके वाटले. "आणते की! आहे ना माझ्याकडे, सगळा..."

वाक्य तिथेच थांबले. चौदावा कागद गठ्ठ्यात नव्हता. कसा असेल? चौदावा थर पंखातच नव्हता.

आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. कारखान्यात मोजून झालेले कागद संध्याकाळी कचऱ्यात जात. ती ते घरी नेते हे साहेबांना कुणी सांगितले? जगात एकाच माणसाला ते ठाऊक होते. तो आता खिडकीशी उभा राहून चष्मा पुसत होता. काच स्वच्छच होती.

* * *

शर्यतीची गाडी लोखंडाची असते असे लोकांना वाटते. खरे तर तिचे अंग कापडाचे असते. कोळशासारख्या काळ्या तंतूंचे, राळ मुरवलेले चिकट कापड. ते कापून साच्यात थरावर थर बसवायचे आणि दाबाच्या भट्टीत भाजायचे, की पोलादाला लाजवेल असे कवच तयार होते. प्रत्येक थराच्या पाठीला पातळ निळा कागद असतो. त्यावर कापणारे यंत्र थराचा क्रमांक, तारीख आणि धागा कोणत्या कोनात बसवायचा तो आकडा छापते. थर बसवायचा, कागद सोलायचा. एखादा कागद आत राहिला, तर बाहेरून दिसत नाही, वाजवून कळत नाही. तो कळतो थेट शर्यतीत.

थोरल्या बाई आधी शिवणकाम करत. त्यांच्या वेळी कापणारे यंत्र नव्हते, आकडे त्या स्वतः हाताने लिहीत. "साच्यापुढे बोलू नकोस गं, थुंकीचा कण उडतो आणि तिथेच फोड धरतो," असे त्या सांगत. त्यातून हिने नेमच धरला. सकाळी डोळा उघडल्यापासून दिवसाचा पहिला थर बसेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मनात फक्त देवाचे नाव. पहिला थर बसला, की ती सगळ्यांना "हं, बोला आता" म्हणे. भट्टीवाला म्हणायचा, "ताईंनी तोंड उघडलं, चला, घड्याळं लावून घ्या."

बाईंची आणखी एक शिकवण होती. ती कारखान्याच्या नियमांत नव्हती. "भाग शर्यतीतून धड परत येईपर्यंत त्याचे कागद जवळ ठेव. लेकरू घरी येईस्तोवर आई दार लावते का?"

धाकटा त्याच कागदांवर वाढला. आई गेली तेव्हा तो दहा वर्षांचा होता, ही बावीसची. घरी आणलेल्या निळ्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर त्याने पाढे लिहिले, गाड्या काढल्या. कोन म्हणजे काय हे तो त्या आकड्यांवरूनच शिकला. "अक्का, पंचेचाळीस म्हणजे अर्धा काटकोन ना?" म्हणून मानेला मिठी मारायचा. पुढे शिकला, मोठा झाला, तिच्याच कारखान्यात वरच्या मजल्यावर आला. तो जिन्यावरून उतरताना दिसला, की अजूनही तिचा हात आपोआप त्याची कॉलर नीट करायला उचलला जाई. तो हसून मागे सरे. "अक्का, लोक बघतात."

यंदा नियम बदलले, सगळ्या गाड्या नव्याने घडल्या. धाकट्याने जो पंख रचला त्याची वर्तमानपत्रांत चित्रे आली. एका दुपारी त्याने तिला पडद्यावर तो दाखवला.

"उभा असताना बघ, ताठ. परीक्षक वर वजन ठेवतात, तरी हलत नाही. पण वाऱ्यात सरळ रस्त्यावर आला, की हळूच वाकतो. वारा त्याला अडवतच नाही मग."

"परीक्षकांपुढे ताठ आणि पाठीमागे वाकडा?" ती म्हणाली होती. "बाळ्या, हे नियमात बसतं का रे?"

"नियम वजनाचा आहे गं, वाऱ्याचा नाही."

"तू म्हणतोस म्हणजे बसत असेल."

तीन आठवड्यांनी तो स्वतः खाली आला, कापलेल्या थरांची नवी थप्पी घेऊन. अंगात पांढरा डगला, डोक्याला जाळी, लहानपणी आजारी पडला की दिसायचा तसा दिसत होता.

"अक्का, यात चौदावा नाहीये. काढलाय मी. आणि तेरा-पंधराचा कोन जरा फिरवलाय. परवा गाडी निघायची आहे. कार्ड बदलायला वेळ नाही, तू जुन्यावरच सही कर. मी मागाहून बदलतो."

कार्ड म्हणजे प्रत्येक भागाची जन्मपत्रिका. कोणता थर, कोणता कोन, कुणाचा हात. तीस वर्षांत तिने न बसवलेल्या थरापुढे सही केलेली नव्हती. तिने पेन हातात धरून त्याच्याकडे पाहिले.

"बदलशील ना नक्की?"

"अगं, मी तुझ्याशी खोटं बोलेन का?"

तिने एकतीस सह्या केल्या. हे पाप आपले, हे ती कधी नाकारणार नव्हती.

* * *

त्या गाडीचा चालक अंगाने इतका लहानखुरा होता, की सगळे त्याला बारक्या म्हणत. एकतीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप. गाडी निघण्याआधी तो काचेपलीकडे येऊन उभा राही आणि तिचा पहिला थर बसेपर्यंत मुकाट थांबे. मग ठरलेला प्रश्न विचारे, "ताई, काल झोप नीट लागली का?" झोप नसलेल्या हाताखाली फोड राहतात हे त्याला माहीत होते.

"लागली. तू नीट चालव."

यावेळी तो जरा रेंगाळला होता. "ताई, एक सांगू? उद्या काही झालंच, तर वरचे लोक मला आलेख दाखवतील. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही येऊन तोंडाने सांगायचं. कबूल?"

"अभद्र बोलू नकोस."

"कबूल म्हणा आधी."

"कबूल बाबा, कबूल. पळ आता."

शर्यत सगळ्यांनी कारखान्याच्या खाणावळीत पडद्यावर पाहिली. एकोणिसाव्या फेरीत सरळ रस्त्याच्या शेवटी पंख वाकला, आणि वाकतच गेला. मग तो मोडून चाकांखाली शिरला. चाके उचलली गेली, गाडी वळलीच नाही. समोर भिंत होती. भट्टीवाल्याने हातातला पेला न पाहताच टेबलावर ठेवला आणि तो कडेवरून जमिनीवर पडला, तरी कुणी तिकडे वळून पाहिले नाही. बारक्याचे दोन्ही पाय घोट्याखाली चुरडले होते. जीव वाचला. तिने वाढून घेतलेले ताट तसेच परत दिले.

आता साहेबांच्या खोलीतून ती जिन्याने उतरली, तर भट्टीवाला खाली वाट पाहत होता. बातमी तिच्याआधी पोचली होती.

"ताईंच्या हातून कागद आत राहिला? मग माझ्या भट्टीत बर्फ पडतो म्हणावं! कोण म्हणालं असं?"

ती म्हणाली, "जाऊ दे." दुसरे काय सांगणार?

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच धाकटा घरी आला. ती गॅसजवळ उभी होती. तिने मान हलवून त्याला बसायला सांगितले आणि आधण वाढवले.

"हे एवढं वाच आणि सही कर," त्याने टाइप केलेला कागद टेबलावर ठेवला. "'कामाच्या दडपणात माझ्याकडून अनवधानाने,' असं लिहिलंय. वाईट काही नाही त्यात. साहेबांनी शब्द दिलाय, तुझ्या निवृत्तीला धक्का लागणार नाही."

तिने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. साखर दीड चमचा, ढवळून.

"अक्का, नीट विचार कर. हात चुकला तर लोक माफ करतात. डोकं चुकलं तर करत नाहीत. रचनेत लबाडी होती असं ठरलं, तर अख्खा संघ बाद. चारशे माणसं घरी. तुझा भट्टीवालासुद्धा. आणि मी... मला पुन्हा कुणी पेन्सिल तरी हातात देईल का?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. कानशिलापाशी पांढरे दिसू लागले होते. कॉलर एका बाजूला दुमडली होती. तिचा हात उचलला गेला नाही.

"बोल ना काहीतरी." मग त्याला आठवले, आणि तो हसला. "हां, तुझा नेम! अगं, पण तुझं काम बंद केलंय त्यांनी. पहिला थर लावणार कुठे तू? अशानं जन्मभर मुकी राहशील."

हसून झाल्यावर ते त्याला स्वतःलाच आवडले नसावे. तो चहाकडे पाहत म्हणाला, "चौदावा मीच सुचवला. म्हटलं, गठ्ठ्यात तो सापडणार नाहीच. तुला उगाच परीक्षकांपुढे खोटं बोलावं लागू नये. मोजतील, एक कमी भरेल, संपलं. तू नुसती बसून राहा. तुला गप्प बसायला कुठे जड जातं?"

म्हणजे त्याने तिचा कागद जपायचा नेमच हेरला होता. थोरल्या बाईंनी दिलेला, तिने तीस वर्षे सांभाळलेला. त्याच दोरीने त्याने तिला बांधले होते, आणि वर आपण तिची सोय पाहिली असे त्याला मनापासून वाटत होते.

त्याने चहा संपवला. कप उचलून मोरीत नेऊन विसळला. ही सवय तिनेच लावलेली. दारात वळून म्हणाला, "गप्प आहेस म्हणजे हो ना, अक्का?"

लहानपणीही तो असेच विचारी. सहलीला जाऊ? नवे बूट घेऊ? आणि ती गप्प राहिली, की ते हो असे.

दार लागले. ती जिन्यावरची पावले संपेपर्यंत उभी होती.

मग तिने शिवणयंत्राच्या खणातून गठ्ठा काढला आणि कागद एकेक करून जमिनीवर मांडले, भिंतीला लावायची त्याच क्रमाने. एक, दोन, तीन. बारा. तेरा. मग पंधरा. मध्ये तिने एका कागदाची जागा मोकळी सोडली.

तेराव्यावर छापले होते अडतीस. पंधराव्यावरही अडतीस. दोन्हींवर त्याच दिवसाची तारीख. कार्डावर दोन्ही ठिकाणी पंचेचाळीस लिहिले होते आणि शेजारी तिची सही होती. कागद मोजणाऱ्याला एक कमी भरला असता. वाचणाऱ्याला सगळेच कळले असते. थप्पी कुणी बदलली तेही, आणि डोळे उघडे ठेवून खोटी सही कुणी केली तेही.

कोन आकड्यांत छापलेला असतो हे धाकटा विसरला होता का? की आठवत असूनही, अक्का हे कुणाला दाखवणार नाही अशी त्याला खात्री होती? यातले काय जास्त लागले, हे तिला पुष्कळ वेळ बसूनही कळेना. देवा, तो विसरला असू दे, असे मात्र तिने मनात दोनदा म्हटले.

एका कागदाच्या पाठीकडे तिची सवयीने नजर गेली. कोराच होता. आता त्यावर कोण गाड्या काढणार?

तिने कागद पुन्हा क्रमाने गोळा केले. तीस. सुती फडक्यात बांधून पिशवीत ठेवले. टाइप केलेला कागद टेबलावर होता तसाच राहू दिला, फक्त वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर त्याचेच पेन आडवे ठेवले. घड्याळात पावणेआठ झाले होते. दहाला कारखान्यात जायचेच होते. पण बारक्याचे इस्पितळ वाटेवर होते आणि भेटायची वेळ साडेआठपासून होती.

जिन्यात शेजारच्या आजी भेटल्या. "आज काम नाही ना गं? मग सकाळी सकाळी कुणीकडे?"

तिने हसून मान तुकवली आणि पिशवी छातीशी धरली. आजींना तिचा नेम माहीत होता. त्या बाजूला झाल्या.

बस रिकामी होती. ती पुढच्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर सपाट ठेवली आणि थर बसवताना फिरवायची तसा फडक्यावरून एकदा तळहात फिरवला, मधून कडेकडे, आत हवा राहू नये म्हणून. दिवसाचा पहिला शब्द तिने अजून उच्चारला नव्हता. तो बारक्याचा होता.