रिकामे अकरा सेकंद

सिद्धूने ट्रान्झिस्टर रेडिओ संगणकाच्या डाव्या कडेला नेमक्या जागी ठेवला, त्याची वायर कर्ण्याला जोडली आणि तो हलू नये म्हणून दोऱ्याचे तीन वेढे दिले. पडद्यापलीकडे पाचशे पोरं बाकं बडवत होती. सांगलीच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात गॅदरिंगला नाटक व्हायचं, नकला व्हायच्या. ‘आज दुपारी संगणक गाणार’ असं मात्र फळ्यावर पहिल्यांदाच लागलं होतं, आणि त्याखाली कुणीतरी खडूने ‘मग नाक शिंकरणार’ असं जोडलंही होतं.

कपाटाएवढं ते यंत्र सहा जणांनी ढकलत स्टेजवर आणलं होतं. त्याला गळा कुठला? पण ते आकडेमोड करू लागलं की जवळच्या रेडिओत खरखर उठते, हे सिद्धूला वर्षापूर्वी अवचित कळलं होतं. आकडे भरभर फिरवले की सूर चढायचा, सावकाश फिरवले की उतरायचा. मग पठ्ठ्या जेवणखाण विसरला. आठ महिने खपून, यंत्राला वाचता येणाऱ्या कागदी पट्टीवर भोकं पाडून पाडून त्याने एक अख्खं गाणं उतरवलं. आबांचं मोटेवरचं गाणं.

आबा म्हणजे त्याचे वडील, अर्जुना. म्हसवडजवळच्या आपल्या विहिरीवर मोट हाकताना ते हे गाणं म्हणायचे. बहात्तरच्या दुष्काळात हौशा-पाखऱ्याची बैलजोडी विकावी लागली. पुढे विहिरीला पाणी आलं, पण मोट गेली नि इलेक्ट्रिक मोटर आली. बटण दाबायला कोण गातं? सहा वर्षांत आबांच्या तोंडून एक ओळ निघाली नव्हती. आज ते पाचव्या रांगेत बसले होते. पोराला बक्षीस आहे, एवढंच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी आपलं गाणं ओळखावं, बस्स, बाकी काही नको, असं सिद्धूला झालं होतं.

“ती मधली जागा काढलीस ना?” विभागप्रमुख मोहिते सर विंगेतून म्हणाले.

“न्हाई सर. गाणं तसंच हाय.”

“अरे, अकरा सेकंद चिडीचूप! लोकांना वाटेल यंत्र बंद पडलं. पुन्हा या यंत्राला हात लावू देणार नाहीत तुला.”

सिद्धूने मान खाली घातली, पण पट्टीला हात लावला नाही. बैल उताराला लागून मोट वर खेचायचे तोवर आबा गायचे. मोट रिकामी झाली की बैल उलट्या पावली मागे सरायचे, आणि तेवढा वेळ गाणं थांबायचं. ते अंतर सिद्धूने होस्टेलच्या व्हरांड्यात बैलासारखं उलटं चालून मोजलं होतं. घड्याळ धरलं होतं खोलीतल्या आप्पासोने, आणि हसून हसून तो दोनदा मोजणी चुकला होता.

पडदा सरकला. सिद्धूने बटण दाबलं. कर्ण्यातून आधी खर्र झालं, मग एक जाडाभरडा, नाकातला सूर निघाला, चढला, झोका घेऊन वळला.

“आयला, खरंच गातंय की!”

बाकं वाजायची थांबली. यंत्राच्या खोलीत सिद्धूने शंभरदा ऐकलेलं गाणं इथे छपराला भिडत होतं. मग सूर उतरत उतरत खाली आला आणि थांबला.

एक सेकंद. दोन. तीन.

“बॅटरी संपली!” मागून कोणी ओरडलं. शिट्ट्या सुरू झाल्या, बाकं वाजू लागली. मोहिते सर तरातरा स्टेजवर आले आणि त्यांचा हात बटणाकडे गेला.

“सर, थांबा, थोडंच राहिलंय,” सिद्धू काकुळतीला आला.

तेवढ्यात पाचव्या रांगेतून आबा उठले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी.

“हां हां हां! मागं! मागं सर, हौशा! पाखऱ्याऽ, मागं रं माझ्या राजा!”

सगळ्या माना वळल्या. त्यांच्या तोंडचा शेवटचा शब्द सुटायला आणि कर्ण्यातून गाणं पुन्हा उठायला एकच गाठ पडली. मग काय विचारता! दुसऱ्या खेपेला ती जागा आली तेव्हा पाचशे पोरं एका दमात ओरडली, “मागं सर, हौशा!” आप्पासो तर विंगेत उलटा चालत होता. सिद्धूला हसू आवरेना आणि डोळेही पुसावे लागत होते.

तिसऱ्या खेपेनंतरही पोरांनी ओरडून बैल मागे सारले. अकरा सेकंद गेले, बारावा गेला. कर्णा गप्पच राहिला.

“का रं थांबलं?” आबांनी खालूनच विचारलं.

“आबा, तीनच मोटा हायत्या. पट्टी तेवढीच हाय.”

“तीन? आरं पोरा, तीन मोटांनी पाट बी भिजत न्हाई.”

हॉलभर हशा पिकला. मोहिते सर अजून यंत्रापाशीच उभे होते. त्यांनी एकदा सिद्धूकडे पाहिलं, आणि गाणं पहिल्यापासून लावायला बटण स्वतःच दाबलं.

कर्ण्यात खर्र झालं. आबांनी पटका सारखा केला आणि घसा खाकरला.